मलकापुरात एअर धरलेली जीप आणि आम्ही दोघी

रत्नागिरीला थोरल्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता आणि हुपरीहून खास घडवून आणलेले तिचे पैंजण आमच्याकडे होते. ह्यांना रजा मिळेना. शेवटी मी आणि धाकटी नणंद शुभांगी, दोघींनीच आमच्या जुन्या डिझेल जीपने जायचं ठरवलं. घरात कुणाला ते फारसं पटलं नव्हतं.

कोल्हापूरहून सकाळी लवकर निघालात तर आंबा घाट उन्हाआधी उतरून होतो. घाटात हॉटेलं तुरळक, म्हणून नाश्ता मलकापुरातच उरकावा. आम्ही स्टँडजवळ झणझणीत रश्श्यातला कटवडा आणि चहा घेतला, परत जीपमध्ये बसलो, चावी फिरवली. इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेट घेईना.

टपरीवरचे एक काका उठून आले. "ताई, बॅटरी उतरली असंल की. मेकॅनिकला बोलवू काय?"

"बॅटरी चांगली हाय काका. स्टार्टरचा सेल जोरात फिरतोय," मी म्हटलं.

शुभांगीने पैंजणांची डबी घट्ट धरली होती. "वहिनी, दादाला फोन लावू?"

"थांब जरा."

माहेरी ट्रॅक्टर मीच चालवायचे. काटा अर्ध्यावर होता, म्हणजे टाकीत डिझेल होतं. पण सेल मारताना सायलेन्सरमधून धुराचा मागमूसही नव्हता. डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं. काठापदराची साडी खोचून मी बॉनेट उघडलं. फिल्टरवरचा हातपंप दाबला तर तो पोकळ लागला. लाइनने एअर धरली होती, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती. आदल्याच आठवड्यात फिल्टर बदलून घेतला होता. तेव्हाच पाइपवरची क्लिप ढिली राहिली असणार; ती नुसत्या बोटाने फिरत होती.

क्लिप आवळली. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा ढिला करून पंप मारत राहिले. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, आणि शेवटी निव्वळ डिझेलची धार. स्क्रू आवळला. पंप आता हाताला कडक लागत होता.

"शुभा, मार सेल."

ती कधी ड्रायव्हरच्या सीटवर बसली नव्हती. डबी मांडीवर ठेवून तिने चावी फिरवली. इंजिन एकदा अडखळलं, धूर ओकलं आणि मग एका लयीत चालू झालं.

"व्हय की! चालू झाली," काका म्हणाले आणि हात धुवायला त्यांनी स्वतः पाणी ओतलं.

साखरपुडा गाठला. माझ्या हाताला डिझेलचा वास येत होता, तरी भाचीने पैंजण माझ्याच हातून घालून घेतले. परतीच्या घाटात मी गाणी म्हणत जीप चढवली.

घरी येऊन महिना झाला. शुभांगीने ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय. परवा ती बॉनेट उघडून शेजारणीला फिल्टर दाखवत होती. "मलकापुरात एअर धरली होती," ती सांगत होती, "आम्ही काढली."

मी खिडकीत उभी होते. तो 'आम्ही' ऐकून मान आपोआप ताठ झाली.