टेबल अडवायची सिंगापुरी रीत

सिंगापूरला पोचल्या पोचल्या मी एका अनोळखी बाईंच्या टिश्यूने नाक पुसलं.

खाण्याच्या ठिकाणी रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलं होतं. मला वाटलं, सरकारी सोय असेल! (तिथे काहीही असू शकतं.) इतक्यात त्या बाई नूडल्सचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी माझ्या नाकाकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं आणि दुसरं टेबल शोधायला गेल्या. तिथे राहणारा माझा पुतण्या कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, पाकीट ठेवलं म्हणजे टेबल अडवलं! मग कोणी तिथे बसत नाही."

मी भारावून गेलो. नाहीतर आमचं मुलुंड! रविवारी सकाळी उडप्याकडे टेबल हवं असेल तर खाणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून त्याची इडली संपायची वाट बघायची. "अजून कॉफी घेणार का हो?" असं आपणच गोड आवाजात विचारायचं आणि तो 'हो' म्हणाला की मनातल्या मनात शिव्या घालायच्या.

परत आल्यावर मी सोसायटीत इतकं सिंगापूर सांगितलं, की मी लिफ्टमध्ये दिसलो की लोक जिन्याने जायला लागले.

अशातच आमच्या मुग्धाने कांदिवलीचा मुलगा पसंत केला. त्याच्या आईवडिलांशी पहिली भेट त्याच उडप्याकडे ठरली. (त्यांच्याशी व्हिडिओ कॉल झाला तेव्हा मी शेजाऱ्यांना सिंगापूरचे फोटो दाखवत होतो.) मुग्धाने दम दिला, "बाबा, प्लीज नीट वागा हां. त्यांचा होकार अजून यायचाय."

मी मुद्दाम पुढे गेलो, कोपऱ्यातलं टेबल पकडलं, त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि ऐटीत हात धुवायला गेलो.

परत येतो तर तिथे एक जोडपं! गृहस्थ माझ्याच टिश्यूने चष्मा पुसत होते.

"हे टेबल अडवलेलं आहे," मी म्हणालो.

"कोणी?"

"पाकिटाने!"

"मग पाकिटालाही डोसा सांगू का?"

"शिस्त म्हणून काही आहे की नाही?" मी असा कडाडलो की वेटर ट्रेसकट थबकला. "सिंगापूरला असता तर..."

"अहो, ओरडताय कशाला?" बाई सरकत म्हणाल्या. "या, इथेच बसा. बीपी आहे का तुम्हाला? ह्यांना आधी पाणी द्या रे!"

"मला नाही, जागा माझ्या पाहुण्यांना हवीय! मुलीचं सासर आहे, कांदिवलीहून येतायत. त्यांना काय वाटेल?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्यात दारातून बायको आणि मुग्धा आल्या.

"अय्या, तुम्ही आधीच पोचलात?" बायको त्यांना हात जोडून म्हणाली. "ह्यांची ओळख झाली ना?"

"झाली की! अगदी सविस्तर," गृहस्थ म्हणाले.

मुग्धाने डोळे मिटले. मी जमीन दुभंगायची वाट बघत होतो. पण ते गृहस्थ खदखदून हसले आणि शेवटचा टिश्यू माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या व्याही, घाम पुसा."

व्याही! त्या एका शब्दासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. मग विहीणबाईंनी आपला अर्धा मेदूवडा माझ्या ताटलीत ढकलला, माझी शुगर विचारली, आमचं मूळ गाव काढलं. सिंगापूरला माझं टेबल कोणी घेतलं नाही हे खरं. पण असा वडाही कोणी दिला नाही.

घरी जाताना रिक्षात बायको म्हणाली, "लग्न जमेपर्यंत लोक काय काय लपवून ठेवतात! बरं झालं बाई, आपल्याकडे आता लपवायला काही उरलंच नाही."