लांबलेली आंघोळ

अकोल्याच्या जुन्या शहरात मी सून म्हणून आले त्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त होता. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तो अजून चढेल या आशेवर मामंजींनी सगळा माल घरातच भरून ठेवला. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, आमच्या खोलीत तर खिडकी बुजेल इतका कापूस. आगीच्या भीतीने दिवाही आत न्यायचा नाही. नवीन लग्न झालेल्या दोघांनी बोलायचं कुठे, हा प्रश्न त्या घरात कोणाला पडला नाही. नवरा दिवसभर गाड्यांबरोबर अकोट-दर्यापूर करत हिंडायचा आणि घरी आला की त्या ढिगावरच आडवा व्हायचा.

एक न्हाणी तेवढी रिकामी होती. ओल लागेल म्हणून तिच्या आसपास कोणी बोंडसुद्धा ठेवत नसे. परसात विहिरीला लागून मातीच्या चार भिंती, वर अर्धंच छप्पर, त्यामुळे उजेड भरपूर. आणि मुख्य म्हणजे दाराला आतून कडी होती.

मला वाचायला येत होतं. वडील अमरावतीच्या शाळेत शिकवायचे. आम्ही दोघी मुलीच, मुलगा नाही, तेव्हा शिकवायची हौस त्यांनी माझ्यावर भागवून घेतली. सासरी यातलं अवाक्षर काढायचं नाही, असं आईने मला बजावून पाठवलं होतं. बायकोने पुस्तक हातात धरलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तेव्हा चांगली शहाणीसुरती माणसं मानायची, आणि असली सून माहेरी आणून सोडायची. वडिलांनी तरीही माझ्या लुगड्यांच्या घडीत एक छापील पुस्तक सरकवलं होतं. पृथ्वीवरच्या निरनिराळ्या देशांची हकिगत होती त्यात. आईची आज्ञा आणि वडिलांचं पुस्तक अशा दोन्ही वस्तू घेऊन मी सासरी आले, आणि दोन्ही सांभाळायची जागा न्हाणीशिवाय दुसरी नव्हती.

शिकेकाईच्या मडक्यामागे कोनाड्यात, जुन्या लुगड्याच्या चिंधीत मी ते पुस्तक ठेवलं. दुपारी कामं उरकली की आंघोळीला जायचं, कडी घालायची आणि पाटावर बसून वाचायचं. बाहेर आवाज गेला पाहिजे म्हणून मधूनमधून एक तांब्या दगडावर ओतायचा. बर्फाच्या देशात माणसं कातड्याचे कपडे घालतात हे वाचताना मी गरम पाणी असं नुसतं मोरीत सोडत होते. शेवटी अंगावर घ्यायला कोमटच उरायचं. पण त्या तेवढ्या वेळात मला कापसाचा वास येत नसे, आणि मी कोणाची सून आहे हेही आठवत नसे.

सासूबाई फटकळ होत्या. मनात आलं की तोंडावर बोलून मोकळ्या व्हायच्या. त्यामुळे दिवाळीनंतर त्या गप्प झाल्या तेव्हा मी सावध झाले. दिवाळीच्या पहाटे त्या उटणं लावायला आल्या होत्या आणि लाजेने मी नको म्हटलं होतं. तेव्हापासून मी जेवायला वाढताना त्या माझ्या मनगटाकडे, मानेकडे टक लावून बघायच्या. तुझ्या आजीचं अंग कसं होतं, आईच्या माहेरी कोण कोण आहे, असं उगाच विचारायच्या. मी धरून चालले की पुस्तकाचा सुगावा लागला. ते विहिरीत टाकावं असं रोज ठरवायची, आणि रोज म्हणायची, एवढा एक देश वाचून होऊ दे.

मग एका दुपारी न्हाणीचं दार वाजलं. सासूबाईंनी कडी काढायला सांगितलं. मी पुस्तक मडक्यामागे ढकललं आणि दार उघडलं. त्या आत आल्या आणि कडी त्यांनीच परत घातली. आवाज इतका खाली आणून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"खरं सांग मले. तुया अंगावर कोड आहे काय? काहून इतका येळ दार लावून बसतं तू?"

अंगावर पांढरा डाग निघालेल्या मुलीची माहेरी पाठवणी त्याच दिवशी व्हायची. आणि ती बातमी एकटी जात नसे. अमरावतीला माझी धाकटी बहीण लग्नाची होती. तिच्या उंबऱ्याला कोणी पाय लावला नसता. नाही म्हणावं, तर मग इतका वेळ करते काय, हे आलंच. काहीही झालं तरी मला माहेरची गाडी दिसत होती. फरक इतकाच, की पुस्तकाने मी एकटी बुडाले असते आणि डागाने बहीणही. मी कोनाड्यात हात घातला.

"आत्याबाई, डाग नाही. मी इथं पुस्तक वाचतो."

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नेसत्या लुगड्यानिशी त्या ओल्या दगडावर मटकन बसल्या. एवढंच का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, पण त्यांच्या छातीवर केवढं होतं ते तेव्हा कळलं. महिनाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्यांनी मामंजींना किंवा मुलाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर त्यांना मुलाच्या आयुष्याची आठवण झाली. मग त्यांनी निकाल दिला: पुस्तकाचा दोष लागतो तो लागतोच, पण लागला तिथेच धुऊन टाकला तर घरात येणार नाही. म्हणून वाचायचं ते न्हाणीतच वाचायचं, पुस्तक घरात आणायचं नाही, आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. इतकं सोयीचं सोवळं मी पुढे कुठे पाहिलं नाही. त्या थंडीत माझे केस कधी वाळले नाहीत, नाक सदा वाहतं, आणि मी मोठ्या खुशीत होते. पुढे लढाई संपली, भाव कोसळला, खोल्या मोकळ्या झाल्या, तरी मी वाचायला न्हाणीतच जात राहिले. नवरा चांगला म्हातारा झाला, त्या अर्थी पाणी लागू पडलं असावं.

पण त्या दिवशी निकाल दिल्यावरही सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी मला पाटावर बसवलं, पाठ उघडी करायला लावली आणि उजेडाकडे वळवून नीट बघितली. खात्री झाली तेव्हा सुस्कारा टाकला आणि आलोच आहोत तर म्हणून पाठ चोळायला लागल्या. त्यांचा हात जड होता. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच विचारायचा धीर झाला असेल. डाग निघाला असता तर मला कधी पाठवलं असतं, असं मी विचारलं.

त्यांचा हात थांबला नाही.

"धाडलं कायले असतं? रोज मीच न्हाऊ घातलं असतं तुले, असंच कडी लावून. जलमभर कोणाले दिसू दिलं नसतं."

अमरावती सोडल्यापासून मी पहिल्यांदाच मोठ्याने रडले. त्या पाठीवर पाणी ओतत राहिल्या.