सेहेस्टेडची लढाई, टोलेडोच्या हॉलमध्ये

सोमवारी आमचा ईशान आर्मीच्या ट्रेनिंगला निघणार, आणि शनिवारी साहेबांना जायचं कुठे होतं? टोलेडोला, खेळण्यातल्या सैनिकांची लढाई खेळायला! मला आर्मीचं नावसुद्धा ऐकायचं नव्हतं. पण कॉलेजात गेल्यापासून पोरगा पहिल्यांदाच ‘बाबा, चल ना’ म्हणाला. निघालो.

ॲन आर्बरहून यूएस-२३ने सरळ दक्षिणेला, तासाभराचा रस्ता. बर्फ असेल तर जास्त धरा. हॉल एका चर्चच्या मागे, पार्किंग फुकट. तिथली कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, थर्मास घरूनच न्या.

टेबलावर सेहेस्टेड गाव मांडलं होतं. १८१३चा डिसेंबर. नेपोलियनच्या बाजूने अडकलेला डेन्मार्क मागे हटतोय, आणि किल्ल्याकडे जायची वाट शत्रूने अडवलीय. डॅनिश सैन्य ईशानकडे. त्याने घोडदळ थेट गावात घुसवलं, फासेही असे पडले की वाट मोकळी! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

“जिंकलास रे! म्हणजे डेन्मार्क वाचला?”

“नो बाबा. वॉर ते हरलेच. नॉर्वे त्यांचा होता, तो पण गेला.”

“मग एवढी माणसं मेली कशाला?”

“सो द रेस्ट कुड गेट होम.”

माझं डोकंच फिरलं. “आणि तू त्या रेस्टमध्ये असशील कशावरून?”

आजूबाजूचे वळून बघायला लागले. ईशान पडलेले सैनिक खोक्यात भरत होता. “आय डोन्ट नो, बाबा.”

खोटं तरी बोलायचं होतंस यार!

परतताना तोच ड्राइव्ह करत होता. मी भांडायला सगळे मुद्दे तयार ठेवले होते. पण त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं. पोरगा घाबरलाय, हे मला तेव्हा कळलं. मीही घाबरलो होतो. मुद्दे तसेच राहिले.

घरी बायकोने, मेधाने, दारातच विचारलं, “कोण जिंकलं?” “आम्ही,” असं सांगून मी आत गेलो.

टोलेडोला जरूर जा, छान लोक आहेत. माझ्याच्याने आणखी काही लिहवत नाही.

सोमवारी बॅग उचलून ईशान म्हणाला, “आई, बाबा, जातो मी.” अमेरिकेत वाढलेल्या पोराचं मराठी. एरवी मेधा हसत सुधारते. त्या दिवशी ती नुसती बघत राहिली, मीच ओरडलो, “जातो नाही! येतो म्हण!”

“ओके, ओके. येतो.”

“परत म्हण.”

“येतो, बाबा.”

“परत.”