इकबाल मिस्त्रीच्या फळ्यावरची गाणी

घाटंजीत इकबाल मिस्त्रीचं दुकान शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. बाजाराच्या रस्त्याला लागावं आणि जिथे दाराबाहेर कूलरच्या जाळ्या, मोडके पंखे आणि मिक्सरची भांडी ऐसपैस बसलेली दिसतील तिथे थांबावं. आत पाय ठेवायला जागा नसते. गिऱ्हाइकानं आपली वस्तू दारातूनच दाखवायची आणि दारातूनच घ्यायची, असा तिथला रिवाज आहे. एवढ्या पसाऱ्यात एकच गोष्ट लख्ख असते, ती म्हणजे दाराशेजारच्या भिंतीवरचा काळा फळा.

या फळ्यावर इकबाल रोज सकाळी खडूनं रेडिओचे दिवसभराचे कार्यक्रम लिहितो. पहाटे यवतमाळ केंद्र सुरू झालं, की थोड्या वेळानं निवेदिका आजच्या कार्यक्रमांची रूपरेषा सांगते. इकबाल दात घासता घासता ती ऐकतो, हाताला लागेल त्या पुठ्ठ्यावर टिपून घेतो आणि दुकान उघडलं, की कुलूप खिशात टाकायच्या आधी फळ्यावर उतरवतो. बातम्या कधी, शेतीचं कधी, बायकांचं कधी, गाणी कधी. हातात मोबाइल असलेली माणसं त्याला हसतात. हसोत बापडी. शिवणकाम करणाऱ्याला, भाजी विकणाऱ्या बाईला, शेतावर रखवालीला बसलेल्याला रेडिओ लागतो, आणि कधी काय लागणार हे ठाऊक असलं म्हणजे दिवसाला जरा आकार येतो. निवेदिकेनं सांगून झालं तरी आपण लिहिल्याशिवाय ते पक्कं होत नाही, असं इकबालला मनातून वाटतं. तोंडानं तो कधी कबूल करणार नाही.

ही खोड त्याला बापाकडून आली. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी गावात रेडिओ मोजके होते आणि दुरुस्तीचं दुकान एकच, हबीब मिस्त्रीचं. बातम्या कधी लागतील म्हणून येणारा-जाणारा डोकं खायचा. हबीब मिस्त्री तापट माणूस. त्यांनी वैतागून एका पाटीवर बातम्यांच्या वेळा लिहिल्या आणि ती दाराबाहेर टांगली. लढाई संपली, पण लोकांना पाटीची सवय लागली होती. मग बातम्यांच्या खाली पिकांचा सल्ला आला, कीर्तन आलं, गाणी आली. पाटीचा फळा झाला आणि हबीब मिस्त्रींच्या जागी इकबाल आला.

फळ्याच्या वाचकांत सगळ्यांत नेमाची म्हणजे पंचफुलाबाई. गावाच्या टोकाला राहते, लग्नसराईत पोळ्या लाटायला जाते आणि बाकीच्या दिवसांत मिळेल ते काम करते. प्रौढपणी रात्रीच्या वर्गात जाऊन ती वाचायला शिकली. आलेली विद्या वापरल्याशिवाय ती राहत नाही. कामावर जाताना फळ्यासमोर थांबते, एकेका अक्षराखाली बोट धरून मोठ्यानं वाचते आणि इकबालचं अक्षर बिघडलं असेल तर तिथल्या तिथे सांगते.

“इकबालभाऊ, हा ‘ळ’ आज पाय मोडल्यावानी काहून दिसून राह्यला?”

“बाई, फळ्यासमोर कूलर ठेवलाय. वाकून लिहिलं.”

“मंग कूलर सरकवा ना. अक्षर कायले वाकवता?”

असं हे बरं चाललं होतं. मागच्या मे महिन्यात सीमेवर लढाई सुरू झाली आणि पंचफुलाबाईचा मुलगा धम्मदीप तिकडे होता. फौजेत आहे तो. लढाई सुरू होताच त्याचा फोन बंद झाला. फोन जमा करून घेतले असतील, असं सून साधनानं समजावलं. धम्मदीप सुखरूप आहे, नंतर सुट्टीवर घरी येऊनही गेला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवण्यात काही शहाणपण नाही. पण तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि पंचफुलाबाईला तर मुळीच नाही.

गाव तापलं होतं आणि त्याला ऊन पुरत नव्हतं म्हणून की काय, मोबाइल होते. इकबालच्या समोर पानटपरी चालवणारा देवीलाल दर तासाला एक शहर जिंकायचा. चुना लावता लावता फोन बघायचा आणि ओरडून रस्त्याला बातमी द्यायचा. संध्याकाळपर्यंत त्यातली निम्मी शहरं परत द्यावी लागायची, पण ते तो हळू आवाजात द्यायचा. खऱ्या बातमीसाठी लोक पुन्हा फळ्याकडे वळले. किती वाजता सांगणार, एवढंच बघून जायचे. हबीब मिस्त्रींच्या काळासारखी दारात गर्दी पाहून इकबालला बरंही वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची लाजही वाटली.

एका सकाळी पान बांधता बांधता देवीलाल हसून म्हणाला, “काय इकबालभाऊ, तिकडे तोफा अन् तुमच्या फळ्यावर फर्माईश!”

देवीलालच्या बोलण्यात काही नव्हतं. तो सगळ्यांनाच काहीतरी बोलतो, न बोलला तर लोक त्याला ताप आलाय का विचारतात. पण ते वाक्य इकबालच्या मनात रुतलं. दिवसभर तो मोटारींची वाइंडिंग करत होता आणि मनात एकच घोळत होतं, की देवीलाल हसत बोलला, उद्या दुसरा कोणी न हसता बोलेल. लढाई शेजारच्या देशाशी, आणि फळा लिहिणाऱ्याचं नाव इकबाल. दुसऱ्या कोणी गाणी लिहिली तर ती गाणी असतात. आपण लिहिली तर लोक त्यात काय काय वाचतील, कोणी सांगावं?

दुसऱ्या दिवशी त्यानं फळ्यावर बातम्या लिहिल्या, शेतीचं लिहिलं, हवामान लिहिलं. गाण्यांच्या जागी हात थांबला आणि त्यानं खडू खाली ठेवला. दुकानातला रेडिओही तो आता फक्त बातम्यांना मोठा करायचा. बायको सुग्राबी दुपारी डबा घेऊन आली तेव्हा तिनं कान देऊन ऐकलं आणि विचारलं, “रेडियो बीमार है क्या तुम्हारा?” इकबालनं डबा उघडला. भेंडी चांगली झाली आहे, एवढंच म्हणाला.

असे दोन-तीन दिवस गेले. फळ्यावर गाणी नाहीत, आणि कोणी का म्हणून विचारलंही नाही. इकबालला वाटलं, बरोबरच केलं आपण. पंचफुलाबाई पहिल्या दिवशी आली, नेहमीसारखं बोट धरून वाचलं, खालपर्यंत गेली, पुन्हा वरपासून वाचलं आणि अक्षराला नाव न ठेवता निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. लग्नाचं काम असेल म्हणून इकबालनं मनावर घेतलं नाही.

मग साधना आली. सायकल भिंतीला टेकवून दारात उभी राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाली, “चाचा, एक विचारू? खरं सांगसान?”

“विचार ना बेटा.”

“तुमाले रेडिओवरून काही समजलं का? आमच्यापासून लपवून राह्यले का तुमी?”

इकबालला काही उमजेना. साधनाच सांगू लागली. “आई बातम्या आयकतच नाई, चाचा. बातम्याइले भेतात त्या. त्या गाणे आयकतात. त्याइच्या लहानपणी दिल्लीत कोणी मोठा माणूस गेलता, तवा रेडिओवर गाणे बंद अन् दिवसभर नुसती सारंगी. ते डोक्यात बसलं. म्हणतात, जोवर गाणे लागून राह्यले, तोवर तिकडे आपले पोरं बरे हायत. रोज तुमच्या फळ्यावर गाणे पाहून कामावर जात होत्या. आता गाणे नाई. त्या म्हणतात, मोठं कायतरी झालं, अन् इकबालभाऊच्या तोंडातून निघून नाई राह्यलं. कालपासून घास घेतला नाई त्याइनं.”

“अगं, पण घरी रेडिओ हाय ना तुमच्या? मीच तं दुरुस्त केलता.”

“त्याले हात लावू देत नाई. लावला अन् सारंगी निघाली तं, म्हणतात.”

इकबाल उठला. समोर कोणाच्या तरी कूलरची मोटर उघडी पडली होती, संध्याकाळी देतो म्हणून शब्द दिला होता. त्यानं ती तशीच टाकली, एक छोटा रेडिओ उचलला, शटर ओढलं आणि गाडीला किक मारली. भर उन्हाळ्यात, भर दुपारी इकबालचं दुकान बंद झालेलं पाहून देवीलालच्या हातातलं पान हातातच राहिलं.

पंचफुलाबाई अंगणात निंबाखाली बसली होती. इकबालला पाहून ती उठली नाही. तिनं पदर नीट केला आणि मान ताठ करून बसली. वाईट ऐकायची तयारी करून बसलेलं माणूस दिसतं तशी ती दिसत होती, आणि ते पाहून इकबालला जे वाटलं ते त्याला आजही नीट सांगता येत नाही.

“बाई, काही झालं नाई. कसम खुदाची, काही झालं नाई. आयका फक्त,” तो म्हणाला आणि रेडिओ बाजेवर ठेवून त्यानं बटण फिरवलं.

आधी कसल्याशा बियाण्याची जाहिरात लागली. पंचफुलाबाईनं डोळे मिटून घेतले. एरवी इकबालला त्या जाहिराती पाठ आहेत, पण त्या दिवशी त्यानं त्या जाहिरातीला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की कंपनीवाल्याला उचकी लागली असेल. जाहिरात संपली, पाठोपाठ दुसरी. तीही संपली. मग निवेदिकेनं कुठकुठल्या गावच्या श्रोत्यांची नावं घेतली, दिग्रसचे अमुक, राळेगावच्या तमुक आणि सहकुटुंब. आणि ढोलकी सुरू झाली. ढोलकीमागून बाईचा खणखणीत आवाज, लग्नातल्या वरातीत लागावं असं मस्त नाचरं गाणं.

पंचफुलाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती रडली. बराच वेळ रडली. साधनाही रडली. गाणं इतकं आनंदाचं होतं, की त्यावर दोघींनी असं रडावं हे शेजारच्या घरातून डोकावणाऱ्या बायकांना काही केल्या कळेना. गाणं संपल्यावर पंचफुलाबाईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि मग तिला राग आला.

“मंग फळ्यावर काहून नव्हतं?”

इकबाल आधी उगाच उन्हाचं, कामाचं सांगू लागला. तिनं ऐकून घेतलं नाही. शेवटी खाली बघत तो म्हणाला, “बाई, लढाई चालू. अन् माह्या नावाच्या माणसानं फळ्यावर गाणे लिहिले, तं लोकाइले कसं वाटंन, म्हणून सोडले.”

“कोणी म्हटलं तुमाले?”

“म्हटलं नाई कोणी.”

“मंग तुमीच म्हटलं अन् तुमीच आयकलं,” पंचफुलाबाई म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता, पण धार परत आली होती. “माहं पोरगं हाय तिकडे. गाणे लावाचे का नाई, हे मी सांगन. मी सांगून राह्यली, लिवा. आता अजून कोणाले विचारसान?”

इकबालनं मान हलवली. साधनानं चहा ठेवला, पंचफुलाबाईनं त्यात बुडवून अर्धी भाकर खाल्ली आणि इकबाल ती खाऊन होईपर्यंत बसून राहिला.

दुसरा दिवस बाजाराचा. गर्दी लवकर सुरू झाली होती, आणि पंचफुलाबाई त्याहून लवकर येऊन फळ्यासमोर उभी होती. इकबालनं बातम्या लिहिल्या, शेतीचं लिहिलं आणि मग गाण्यांची पहिली ओळ लिहायला घेतली. मागे लोक थांबले होते. त्यात टपरी सोडून आलेला देवीलालही होता. इकबालला त्याच्याकडे वळून बघवेना.

“अरे, सुरू झाले का गाणे?” देवीलाल मागून म्हणाला. “बरं झालं भाऊ. दोन-तीन दिवस झाले, दुपार जाता जात नव्हती.”

इकबाल वळला. “काहून? रेडिओ हाय ना टपरीवर. लावाचा होता.”

“लावतो कशाले? तुमच्या फळ्यावर नव्हते ना. मले वाटलं, सरकारनंच बंद केले.”

“मलेबी तसंच वाटलं,” शेजारचा शिंपी म्हणाला.

भाजीच्या टोपल्या घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि म्हणाली, “अन् आमच्याकडे तं बुढ्यानं पोराइले दटावून ठेवलं, गाणे लावू नका, इकबालभाऊनं लिहिले नाई म्हणून.”

इकबाल खडू धरून उभा राहिला. हे गाव आपल्याला परकं समजेल म्हणून तो धास्तावला होता, आणि या गावानं त्याच्या एका न लिहिलेल्या ओळीवर घरोघरची गाणी बंद ठेवली होती. एकानंही बटण फिरवून खात्री करून घेतली नव्हती. त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही लपवायला त्यानं तोंड फळ्याकडे केलं.

“लिवा लवकर,” पंचफुलाबाई म्हणाली, “मले पोळ्याइले जाच हाय.”