गाल रंगवून मिळतील

जाहिरातीचा मजकूर मी लिहिला होता आणि बाबांनी तो लाल पेनाने तपासला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे जे झालं त्याचं सगळं खापर माझ्याच डोक्यावर फुटेल.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. भिवंडीत वाढदिवसाला केक, फुगे, चकचकीत टोप्या हे सगळं येऊन पोचलं होतं, पण मुलांच्या गालावर फुलपाखरू काढून देणारी बाई काही पोचली नव्हती. ती मला ठाण्याला दिसली, मामेबहिणीच्या मुलाच्या वाढदिवसाला. मी दोन तास तिच्या शेजारी उभी होते. पोरं रडत यायची आणि वाघ होऊन जायची. एक मुलगी आरशात बघून स्वतःलाच घाबरली आणि मग इतकी खूश झाली की तिने आईला ओळख द्यायचं नाकारलं. केक खायलाही मी विसरले. चेहरा बदलला की आतलं माणूस एवढं कसं बदलतं, याचा मला जो चाळा लागला तो लागलाच. नाटकवाल्यांच्या रंगभूषेच्या दुकानातून रंग आणले, स्पंज आणले, महिनाभर स्वतःच्या हातावर वाघ काढले आणि मग आमच्या बिल्डिंगमधल्या लागोपाठच्या तीन वाढदिवसांना पोरं रंगवली.

तिन्ही वाढदिवस आमच्याच जिन्यातले. चौथा काही येईना.

बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं हायस्कूलला मराठी आणि भूगोल शिकवलेला माणूस. त्यांच्या दृष्टीने पदवी घेतलेल्या मुलीने पोरांच्या तोंडाला रंग फासत हिंडणं म्हणजे शिमगा. त्यांनी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आलेल्या-गेलेल्या मालाची कॉम्प्युटरवर नोंद करायची, खुर्चीवर बसायचं, पंखा डोक्यावर. दिवाळीच्या पाडव्याला रुजू व्हायचं होतं. मी थयथयाट केला. माझं तोंड फटकळ आहे, त्यापायी दोन स्थळं परत गेली होती, तेव्हा घरात त्याची सवय होती. शेवटी बाबांनी अट घातली: दिवाळीपर्यंत ओळखीबाहेरचं एक तरी काम येऊ दे. नाही आलं तर वळ. मी कबूल केलं, कारण गणपती जेमतेम झाले होते आणि दिवाळी लांब वाटत होती.

म्हणून जाहिरात. मी लिहिलं होतं, ‘मुलांसाठी फेस पेंटिंग करून मिळेल’. बाबांनी ‘फेस पेंटिंग’वर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘मराठी शब्द नाही का?’ मग तो त्यांनीच शोधला. वर, मुलीचं नाव गावभर कशाला, म्हणून चौकशीसाठी स्वतःचं नाव घातलं. छापून आलं ते असं: ‘वाढदिवस व इतर शुभप्रसंगी मुलांचे गाल रंगवून मिळतील. घरी येऊन रंगवू.’ खाली बाबांचं पूर्ण नाव, निवृत्त शिक्षक, आणि घरचा फोन नंबर.

प्रेसवाल्याने मजकूर दोनदा वाचला होता आणि मला विचारलं होतं, पक्का यही छापना है? मला वाटलं, याला मराठी कळत नाही. मी त्याला जरा फणकाऱ्यानेच सांगितलं की आमच्याकडे व्याकरण तपासलेलं असतं.

पत्रकं पेपरातून टाकली ती शुक्रवारी. मुद्दामच. आमच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना, इतर दिवशी त्याच्या खटखटीत फोनची घंटा ऐकू येत नसे. शुक्रवारी लूम बंद. मी सकाळपासून फोनच्या शेजारी भाजी निवडत बसले होते.

पहिला फोन साडेनऊला आला. माणसाने विचारलं, सर आहेत का घरी. मी म्हटलं, आहेत, पण जाहिरातीचं काम माझ्याकडे. त्याने विचारलं, म्हणजे रंगवणार कोण, तुम्ही की सर? मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, मग ठीक आहे, आणि हसायला लागला. थांबेचना. मी चिडले. मग तो म्हणाला, “ताई, ती जाहिरात एकदा मोठ्यानं वाचा.”

मी वाचली. मोठ्याने. मुलांचे गाल रंगवून मिळतील. घरी येऊन रंगवू. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं. मग तीही हसायला लागली, पदर तोंडात घालून, भिंतीला टेकून.

गाल रंगवीन, म्हणजे असा ठेवून देईन की पाच बोटं उठतील. अख्ख्या महाराष्ट्राला माहीत असलेला हा अर्थ माझ्या डोक्यात आला नाही, याचं कारण सांगते. बाबांनी मला आयुष्यात कधी बोट लावलं नाही. रागावले तर ते गप्प बसायचे. आमच्या घरात गाल रंगवायची भाषाच नव्हती. ती होती शाळेत. तिथे म्हणे ते रोज एकाला तरी सांगायचे, गाल रंगवीन, आणि नुसतं सांगून थांबायचे नाहीत. हे मला त्या शुक्रवारी फोनवरून कळलं.

कारण मग फोन येतच राहिले. सगळे त्यांचे जुने विद्यार्थी. कोणी वकील, कोणी दुकानदार, दोघा-तिघांचे स्वतःचे लूम. एकाने विचारलं, “मास्टरजी घर आके मारेंगे?” आणि मग शुद्ध मराठीत बिल्डिंगचा पत्ता दिला. थट्टा करता करता निम्म्यांनी खरंच वाढदिवस सांगितले. त्यांचीही पोरं आता पाच-सहा वर्षांची झाली होती.

बाबांनी उरलेला गठ्ठा पलंगाखाली सरकवला आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. फोनला तर हात लावायचे नाहीत. वाजला की गॅलरीत जायचे.

मला मात्र भोचकपणाची हौस आहे. जो फोन करी त्याला मी विचारायची, तुम्हाला कधी बसली होती? आणि सगळ्यांना सगळं आठवत होतं. इयत्ता, तुकडी, कितवा बाक. एकाने पंचगंगा कोकणात वाहवली होती. एकाने निबंध भावाचा उतरवला होता. एकाला दुसऱ्याची बसली होती आणि तो तीस वर्षांचा बाप्या अजून त्या दुसऱ्याचं नाव घेऊन चडफडत होता. कोणत्या गालावर, असंही मी विचारायची. प्रत्येकाचा डावा. बाबा डाव्या हाताने हनुवटी वर धरायचे, तोंड नीट समोर आणायचे, आणि उजव्या हाताने द्यायचे. हे ऐकताना मी हसत असे, आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटत नसे. ज्या हातांनी मला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं त्यांची ही दुसरी नोकरी मला कोणी सांगितलीच नव्हती.

नवरात्रापर्यंत मी पाच वाढदिवस केले. बाबांना म्हटलं, झालं ना? ते म्हणाले, ही ओळखीचीच माणसं आहेत, माझी आहेत, अट ओळखीबाहेरची होती. मला संताप आला, पण त्यांचं व्याकरण बरोबर होतं. वळच्या ऑफिसातून निरोपही येऊन गेला की टेबल मोकळं ठेवलंय.

दिवाळीला आठवडा राहिला असताना खारबावहून फोन आला. जमीनजुमल्यातला माणूस, आगरी, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला. मुलगी पाच वर्षांची होणार, पोरं जमवून चाळीस-पन्नास. फक्त एक गोष्ट, सर आले पाहिजेत. सर न्हाय तर काम न्हाय, असं तो हसत म्हणाला. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते नाही म्हणतील याची मला खात्री होती. ते आईला म्हणाले, पांढऱ्या शर्टाला इस्त्री कर. का आले, ते मला तेव्हा समजलं नाही. विचारलं असतं तर बहुधा आले नसते.

जुन्या कौलारू घरापुढे नवा बंगला, अंगणात मांडव, दुपारी चारची वेळ. यजमान दांडगा माणूस, गळ्यात साखळी, बाबांच्या पाया पडायला वाकला तर साखळी त्यांच्या बुटाला लागली. “सर, वळखला न्हाय ना? सातवी ब. खिडकीजवल बसायचो.”

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. नाही. त्या माणसाला वाईट वाटलं नाही, पण मला वाटलं. इतक्या जणांना बाबांचा हात आठवत होता आणि बाबांना एकाचाही गाल आठवत नव्हता.

मी स्टूल मांडलं, रंग उघडले. पोरांनी वाघ मागितले, मोर मागितले, एकाला कपाळावर वज्रेश्वरीची एसटी पाहिजे होती, ती पाटीसकट काढून दिली. वाढदिवसाच्या मुलीचा नंबर शेवटी आला. मी म्हटलं, फुलपाखरू? तिला फुलपाखरू नको होतं. तिला जिताडा पाहिजे होता. खाडीत तिचे आजोबा धरतात तो मासा, तोंड उघडं असलेला. कुठल्याही गालावर आजवर जिताडा काढला गेला नसेल, मी तर हरखून गेले.

यजमान म्हणाला, पहिला रंग सरांनी लावायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाबांच्या हातात ब्रश दिला, त्याला चंदेरी रंग लावून. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मुलगी त्यांच्या गुडघ्यांमध्ये येऊन उभी राहिली. बाबांनी डाव्या हाताने तिची हनुवटी धरली, तोंड नीट समोर आणलं आणि उजवा हात वर नेला.

मी यजमानाकडे बघत होते, कारण मला माणसांचे चेहरे बघायची खोड आहे. त्याचे डोळे गच्च मिटले. मान उजवीकडे वळली आणि पंजा डाव्या गालावर गेला. पापणी लवते तेवढाच वेळ. मग त्याने हात खाली घेतला आणि साखळी सारखी केली. एवढा मोठा माणूस, स्वतःच्या अंगणात, पाहुण्यांसमोर.

बाबांनीही ते पाहिलं होतं. ब्रश हवेतच राहिला.

मुलगी म्हणाली, “आजोबा, काढ ना.”

बाबांनी तिची हनुवटी सोडली. ब्रश माझ्याकडे दिला, तू काढ म्हणाले. चंदेरी थेंब त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडला. मी जिताडा काढायला घेतला. माझ्या पाठीमागे बाबांनी यजमानाला विचारलेलं मला ऐकू आलं, “कशाबद्दल मारलं होतं मी?”

तो जरा वेळ आठवत राहिला. खरंच आठवत होता, उगाच नाही. “ते न्हाय आठवत सर,” तो म्हणाला. “मारलेला आठवतं.”

मग त्याने बाबांना जेवायला बसवलं, शेजारी बसून वाढलं, आग्रह करकरून वाढलं. बाबा पानात पडेल ते निमूट खात होते. गावच्या बायका जिताडा बघायला मुलीभोवती जमल्या, तिच्या आजोबांनी तर शेपटी चुकली म्हणून माझ्याशी वाद घातला आणि मी ती पुन्हा काढली. येताना गाडीत बाबा शर्टावरचा चंदेरी डाग नखाने खरवडत होते. मी काही विचारलं नाही, आणि माझ्यासारखीने न विचारणं म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा.

धनत्रयोदशीला शुक्रवार होता. लूम बंद. मी हात पिठात घालून शंकरपाळ्या करत होते, आई कणकेचे दिवे करत होती. फोन वाजला. बाबा गॅलरीत जातील म्हणून मी हात झटकून उठले, तर घंटा थांबली होती. बाबांनी फोन उचलला होता.

मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. वज्रेश्वरीहून का, बरं. खारबावला मासा पाहिलात होय. बरं. मग ते थांबले आणि त्यांनी विचारलं, तुम्ही आमच्या शाळेत होता का? पलीकडचं उत्तर आलं असावं. बाबांनी पुन्हा विचारलं, घरातलं कोणी? भाऊ, काका? कोणीच नाही?

माझ्या बोटांचं पीठ वाळत होतं. पाडव्याला तीन दिवस होते, आणि ओळखीबाहेरचं एक काम बाबांच्या कानाशी होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर वळचं टेबल पक्कं होतं.

त्यांनी पेन मागितलं. आईने लाल दिलं, तेच हाताशी होतं. त्यांनी पत्रकाच्या पाठीवर पत्ता लिहून घेतला, तारीख लिहून घेतली, दोनदा विचारून पक्की केली. मग म्हणाले, “हो, हो, गाल रंगवून मिळतील. मी नाही, माझी मुलगी येईल.” आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, “तिचा हात हलका आहे.”