गडी उतरले?

भिंगरी हे नाव तिला आईने दिलं. पायाला भिंगरी लावूनच जन्मली आहे कार्टी, असं आई म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं. ती जेवता जेवता उठायची, अभ्यास फेऱ्या मारत करायची, आणि घरातला पंखा बंद पडला की कोणी हो-नाही म्हणायच्या आत स्टुलावर चढलेली असायची. तंत्रशाळेत वीजकामाच्या वर्गात पहिल्या दिवशी शिरली तेव्हा मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मायेने सांगितलं, "शिवणवर्ग पलीकडे आहे, बाळ."

"माहीत आहे सर, येताना बघितला," म्हणत ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. तास संपेपर्यंत बाकाखाली तिचा पाय हलत होता.

पुढे वीज खात्यात भरती निघाली. खांबावर चढायची परीक्षा मुलांनी दिली तशी तिनेही दिली. ती पास झाली, काही मुलं झाली नाहीत. सरकारी नोकरी लागली म्हणून आईने मावशीला फोन केला तो अख्ख्या जिन्याला ऐकू गेला. पण हुरळून जायची सोय नव्हती. पहिलं वर्ष पारखणीचं होतं. ते संपलं की साहेब ठरवणार, ही लाइनवर राहील की ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसेल. फोनवर सावली होती, खुर्ची होती, पंखा होता. फक्त फोरमन व्हायचा रस्ता तिथून जात नव्हता. भिंगरीला फोरमन व्हायचं होतं. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं, कारण आईने ते जिन्याला सांगितलं असतं.

टोळी तिघांची: फोरमनकाका, लंबू आणि ती. काका वाईट नव्हते. उलट इतके चांगले होते की तिला जीव नकोसा व्हायचा. "ताई, तू सावलीत बस." "ताई, शिडी जड आहे, लंबू घेईल." या मायेने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग ती कोणी हात लावायच्या आत शिडी उचलायची, मागायच्या आत पान्हा पुढे करायची, धावतपळत काम उरकून लंबूच्या आधी खाली उतरायची. जरा वेळ लागला की म्हणतील, बघा, जमत नाही. वर्ष सरत आलं तसं तिला रात्री झोपेतही खांब दिसायला लागले.

या लोकांची एक पद्धत होती. कामापुरती लाइन बंद करायची ती वीज केंद्रातल्या ऑपरेटरने. काम झालं की तो काकांना फोनवर विचारायचा, "गडी उतरले?" काका म्हणायचे, "उतरले." की लाइन चालू. हा प्रश्न आणि हे उत्तर दोघांच्या तोंडात इतकं बसलं होतं की बोलताना डोकं लागत नसे.

त्या दिवशी बाजारामागच्या रस्त्यावर काम होतं. लंबू एका खांबावर, भिंगरी पुढच्या. लंबू उतरला, लाइन जमिनीला जोडून ठेवणारी साखळी त्याने काढून घेतली. भिंगरीही निघाली होती, पण एक नट तिला ढिला वाटला. घाई होतीच, मन मात्र मानेना.

"काका, एक नट राहिलाय!" ती वरून म्हणाली.

काका "हं" म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. "गडी उतरले?"

काकांनी समोर उभ्या लंबूकडे पाहिलं. "उतरले."

भिंगरीच्या हातून पान्हा सुटला. "काका! मी वर आहे! मी!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "थांब! अरे थांब, हात काढ!" ते फोनमध्ये ओरडले.

"काय झालं?" ऑपरेटर पलीकडून म्हणाला. "बटणाला नुसता हात लावला होता."

ती उतरली आणि खांबापाशीच मटकन बसली. राग यायला हवा होता, पण आधी लाज वाटली. वर राहून आपणच काही गुन्हा केला अशी. राग संध्याकाळी आला आणि घरात मावेना. आई विचारून थकली तरी भिंगरी फेऱ्याच मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला आणि काकांना बोलावलं. "मी म्हणतच होतो, बाईमाणूस आहे. काही झालं असतं म्हणजे? उद्यापासून फोनवर बसा. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

भिंगरी खुर्चीची पाठ धरून उभीच होती. "लंबू वर राहिला असता, तर त्याला फोनवर बसवलं असतं, साहेब?"

"लंबूच्या बाबतीत असं झालंच नसतं."

"तेच तर," काका एकदम बोलले. "झालंच नसतं. मी गडी मोजतो, साहेब. लंबू उतरलेला दिसला, म्हटलं उतरले. हिला मोजलंच नाही मी. वर्षभर ताई ताई करतोय, पण मोजली नाही कधी. कुणाला फोनवर बसवायचंच असेल तर मला बसवा."

साहेबांनी पेपरवेट फिरवला, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा पेपरवेट फिरवला. "बरं. राहू दे लाइनवर," ते म्हणाले, आणि जणू हे आपणच सुचवलं अशा थाटात त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.

त्याच खांबावरचं राहिलेलं काम त्याच्या दुसऱ्या दिवशी निघालं. लंबू उतरला. फोन वाजला. "गडी उतरले?"

"असं नाही विचारायचं आता," काका म्हणाले. "वर कोण आहे, असं विचार."

"हे काय नवीन काढलंत?"

"विचार म्हणतो ना!"

"बरं बाबा. वर कोण आहे?"

काकांनी फोन खांबाच्या दिशेने उंच धरला.

"मी!" भिंगरी वरून ओरडली.

"मग थांबतो," पलीकडून आवाज आला.

खाली काका थांबले, लंबू थांबला, बाजारामागची अख्खी लाइन थांबली. भिंगरीने नटाला पान्हा लावला आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच तो सावकाश आवळला.