बोफर्टचे पंख

कोरोनाच्या पहिल्या वर्षी मार्च संपता संपता आमच्या हँगरमधल्या बहुतेकांना घरी बसवलं. नोकरी गेली नव्हती, पण कामही नव्हतं. मी विमानांच्या सांगाड्याची इंजिनिअर. पत्रा, रिव्हेट, गंज, केसाएवढ्या भेगा, हे माझं रोजचं. विमानंच उडत नव्हती, तर भेगा पडणार कुठून? नवरा आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर दिवसभर मीटिंगा करायचा आणि मी स्वयंपाकघरातली कपाटं पुसत असायचे. एकदा पुसून झाली की पुन्हा.

क्लेटन या उपनगरात आमचं युनिट, म्हणजे छोटंसं घर, एका जुन्या प्लॉटच्या मागच्या अंगाला आहे. पुढच्या विटांच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या. वय पंच्याण्णव. तोंडावर मी त्यांना नावानंच हाक मारायचे, इथे तशीच रीत आहे. घरात मात्र आम्ही दोघं त्यांना 'पुढच्या आजी' म्हणायचो. लॉकडाऊन लागल्यावर त्यांचं सामान मी आणायला लागले. दूध, पाव, मार्मलेड, मांजरीचं खाणं. पिशवी व्हरांड्याच्या पायरीवर ठेवायची आणि कुंपणापाशी जाऊन उभं राहायचं. त्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. बोलणं इंग्रजीतच व्हायचं. आता आठवताना ते मला मराठीतच ऐकू येतं.

"तू विमानं दुरुस्त करतेस असं तुझा नवरा म्हणाला," एका दुपारी त्यांनी विचारलं. "म्हणजे नक्की काय?"

"पत्र्याचं काम. सांगाडा तपासायचा, खराब भाग बदलायचा."

"मग डॉली धरली असशील."

मी चमकले. पत्रे जोडायला रिव्हेट मारताना बाहेरून एक जण ठोकायची गन चालवतो आणि आतून दुसरा लोखंडी ठोकळा दाबून धरतो. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. हा शब्द बाहेरच्या माणसाच्या तोंडी यायचं काही कारणच नव्हतं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी दोन वर्षं तेच करत होते," त्या म्हणाल्या. "बोफर्टच्या पंखात."

बोफर्ट हे दुसऱ्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. आराखडा ब्रिटिशांचा. पण ब्रिटनवरच बॉम्ब पडायला लागल्यावर तिकडून काही यायची आशा उरली नाही आणि ती विमानं इथेच बनवायची ठरली. इंजिन बदलून अमेरिकन आराखड्याचं बसवलं, तेही इथेच तयार झालं. ज्या देशानं तोवर धड मोटारसुद्धा पूर्ण बनवली नव्हती, त्यानं रेल्वेच्या वर्कशॉपात डब्यांशेजारी विमानाचे तुकडे जोडायला सुरुवात केली. पायलट, नॅव्हिगेटर, वायरलेसवाला आणि गनर, अशी चार माणसं त्यात बसायची. ही विमानं न्यू गिनीत जपानी तळांवर बॉम्ब टाकत, समुद्रावर जहाजं शोधत, आपल्या जहाजांच्या ताफ्यांवर तासन् तास पहारा देत. हे मी नंतर वाचलं. आजींनी मला सांगितली ती आतली गोष्ट.

"मी बुटकी होते, म्हणून मला पंखाच्या आत घालायचे. झोपून सरकत जायचं. वर पत्र्याचं छप्पर तापलेलं, खाली पत्र्याचा पंख तापलेला. बाहेरची मुलगी गन सुरू करायची तेव्हा दातसुद्धा हलायचे. मी अठरा वर्षांची होते. आधी टोप्यांच्या दुकानात होते, त्याच्या दुप्पट मजा वाटायची."

मग रोज थोडं थोडं निघत गेलं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याबाहेर गवतावर बसून मुली सिगरेट ओढायला कशा शिकल्या. डोक्याला रुमाल न बांधलेल्या एकीचे केस ड्रिलमध्ये कसे अडकले. नवं विमान पहिल्यांदा वर गेलं की सगळ्या कशा बाहेर पळायच्या आणि फोरमन ओरडायचा. मी रोज दूध विसरायला लागले, म्हणजे परत जायला निमित्त मिळावं. घरी नवरा म्हणायचा, "आज बोफर्ट कुठवर आलं?"

ऑगस्टमध्ये नियम आणखी कडक झाले. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, दिवसातून एक तास फिरायचं. त्या आठवड्यात आजी फारशा बोलल्या नाहीत. मी पिशवी ठेवून निघाले, तर त्यांनी हाक मारली.

"तुला एक कामातलं विचारू? डॉली घसरली तर काय होतं?"

"रिव्हेटचं डोकं वाकडं बसतं. ते ड्रिल करून काढायचं आणि नवं मारायचं."

"आणि नाही काढलं तर?"

प्रश्न डॉलीचा नव्हता, हे समजण्याइतकं माझं वय झालं होतं.

त्यांचा भाऊ त्यांच्याहून दीड वर्षानं मोठा होता. हवाई दलात वायरलेस ऑपरेटर झाला आणि प्रशिक्षणासाठी पूर्वेकडच्या गिप्सलँडमधल्या तळावर गेला. विमान कुठलं, तर बोफर्ट. निघायच्या आदल्या संध्याकाळी बहीणभावांचं भांडण झालं, एका कोटावरून. त्यानं तिचा पावसाळी कोट न विचारता कुणाला तरी देऊन टाकला होता. दुसऱ्या दिवशी ती रडून रडून कामावर गेली. पंखात पडल्या पडल्या तिचं लक्ष नव्हतं आणि ठोकळा घसरला. एकदा नाही, पाच-सहा वेळा. तपासनीस पलीकडच्या पंखाशी होता. सांगितलं असतं, तर अख्खी ओळ परत करावी लागली असती आणि सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली असती. ती काही बोलली नाही. पंख पुढे गेला.

काही महिन्यांनी भावाचं विमान कोसळलं. चौघेही गेले. घरी तार आली, प्रशिक्षणातला अपघात एवढंच कळलं.

"तो माझाच पंख असेल असं नाही," आजी म्हणाल्या. "किती पंख बनले तेव्हा. पण नव्हताच, असंही कोणी मला सांगू शकलं नाही. मी विचारलंच नाही ना कोणाला. आईला नाही, नवऱ्याला नाही."

मी लगेच माझ्या विद्येवर गेले. म्हटलं, पंखात हजारो रिव्हेट असतात, पाच-सहा वाकडी असली तरी शेजारची भार उचलतात, एवढ्यानं पंख तुटत नाही. सगळं खरं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू भली आहेस, पोरी." म्हणजे त्यांचा विश्वास बसला नाही.

युद्धातल्या अपघातांच्या फायली आता ऑनलाइन पाहता येतात, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "शोधू का?" त्या आत निघून गेल्या. दोन दिवस पिशवी मुकाट्यानं घेतली. तिसऱ्या दिवशी पाकिटाच्या मागे सामानाची यादी होती, तिच्याखाली भावाचं पूर्ण नाव आणि सर्व्हिस नंबर. नंबर त्यांना पाठ होता.

फाइल सापडायला आठवडा गेला. टाइप केलेली पिवळी पानं, कडेला पेन्सिलीच्या खुणा. नवरा माझ्या मागे उभा राहून वाचत होता. तो म्हणाला, "नीट विचार कर. पंच्याण्णव वर्षांच्या बाईला हे सांगायचं?"

"त्यांनीच मागितलंय."

"मागितलंय ते सुटका म्हणून. यात तशी सुटका आहे का?"

प्रश्न बरोबर होता. फायलीत कारण 'अनिश्चित' लिहिलं होतं. मी पुढे वाचत राहिले, दुसऱ्या फायली उघडल्या. त्या तळावर अशीच आणखी विमानं पडली होती. सरळ उडता उडता नाक खाली करून थेट जमिनीत. आधी वैमानिकांना दोष दिला गेला. मग तपास करणाऱ्यांचं लक्ष शेपटीकडे गेलं. तिथे एक लहानशी हलती पट्टी असते, विमानाचं नाक वर-खाली स्थिर धरायला. ती पट्टी हलवणाऱ्या यंत्रणेतला बारीकसा भाग निकामी होत होता. मग सगळी बोफर्ट जमिनीवर उतरवून तो भाग तपासायचा हुकूम निघाला. भावाचं विमान त्याच्या आधी पडलं होतं. त्याचंही कारण तेच, असं कोणी लिहून ठेवलं नव्हतं. मला तसं वाटलं, इतकंच.

पण त्याच्या फायलीत एका शेतकऱ्याचा जबाब होता. तो कुंपण दुरुस्त करत होता आणि त्यानं विमान पडताना पाहिलं होतं. त्याला विचारलं होतं, हवेत काही तुटलं का? तो म्हणाला होता, नाही, दोन्ही पंख शेवटपर्यंत जागेवर होते.

मी ते पान छापून घेतलं. बाकीची नाही.

कुंपणापाशी उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं. काय पक्कं आहे आणि काय माझा अंदाज आहे, ते वेगळं करून सांगितलं. शेपटीबद्दल छातीठोकपणे बोलायचा मोह मला झाला होता. कामावर मी खात्री नसताना कधी सही केली नसती, म्हणून इथेही केली नाही. पायरीवर कागद ठेवला. त्यांनी चष्मा बदलला आणि ते एकच वाक्य खूप वेळ वाचत राहिल्या.

मला वाटलं होतं, रडतील. हलकं वाटलं म्हणतील. त्यांनी विचारलं, "तो शेपटीतला भाग कोण बनवायचं?"

"माहीत नाही. कोणीतरी."

"मुलगीच असेल बहुतेक. बाप्ये होते कुठे तेव्हा? ती जिवंत असेल का गं?"

मी म्हटलं, "भागाचा दोष आराखड्यातलाही असू शकतो, बनवणाऱ्याचा नाही."

"ते तिला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या.

नोव्हेंबरात, म्हणजे इथल्या वसंतात, निर्बंध उठून दारं उघडली. मुराबिनच्या विमानतळाजवळ एक लहान संग्रहालय आहे, हौशी म्हातारे चालवतात. तिथे बोफर्टचे काही भाग आहेत. मी आजींना गाडीतून नेलं, मास्क लावून, मागच्या सीटवर बसवून, खिडक्या उघड्या ठेवून. मला वाटलं होतं त्या पंखाकडे जातील. पंखावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाल्या, "शेपटीतला तो भाग दाखव." तो तिथे नव्हता. मग मी माझ्या अंगठ्याचं पेर दाखवून म्हटलं, इतकासाच असावा. त्या माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं येऊन विचारलं, "घरातलं कोणी उडवत होतं का?"

"माझा भाऊ," आजी म्हणाल्या. "आणि मी बनवत होते."

त्या माणसानं खुर्ची आणली. पुढचा तासभर त्यानं त्यांना काय काय विचारलं. आतून टॉर्च कुठे टांगायचा, हात कुठवर पोचायचा. त्यांनी पाच-सहा वाकड्या रिव्हेटांचंही सांगितलं, अगदी सहज. तो हसला. म्हणाला, आम्ही उघडलेल्या प्रत्येक पंखात तशी सापडतात.

परतताना आजी गाडीत म्हणाल्या, "हे ऐकून बरं वाटलं. पण सकाळी जाग आली की अजून तो कोटच आठवतो. त्याला म्हणायला हवं होतं, जाऊ दे तो कोट."

पुढच्या वर्षी मला कामावर परत बोलावलं. विमानं उभी राहून राहून त्यांच्या सांध्यांत ओल गेली होती, पक्ष्यांनी घरटी केली होती. पहिल्या दिवशी मी एका पंखात डोकं घालून नेहमीपेक्षा दुप्पट वेळ काढला. बाहेरून सहकारी म्हणाला, "ऑल गुड, मेट?" एक रिव्हेट मला पटत नव्हतं. पूर्वी कदाचित चालवून घेतलं असतं. मी त्याच्याभोवती मार्करनं गोल केला आणि ड्रिल मागितलं.